मताधिकार नसलेल्या सभागृहातील वादविवाद : नामदार गोखले यांची अंदाजपत्रकी भाषणे

संसदीय वादविवादाचा विचार करताना आपण एक गोष्ट नकळत गृहीत धरून चालतो. ती म्हणजे, वादाच्या शेवटी मते मोजली जातात. वक्त्याला कोणाचे तरी मन वळवावयाचे असते, आणि ते वळले की नाही हे मतदानाने ठरते. परंतु ज्या सभागृहात मत मागण्याचाच अधिकार नाही, तेथे वादविवादाला अर्थ कोणता? अशा ठिकाणी केलेले भाषण हे राजकीय कृत्य म्हणावयाचे, की केवळ अरण्यरुदन? गोपाळ कृष्ण गोखले यांची व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलातील कारकीर्द अभ्यासताना हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. तो न सोडविता त्यांच्या वक्तृत्वाचे गोडवे गाणे किंवा त्यांच्या मवाळपणाची हेटाळणी करणे ह्या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत, आणि महाराष्ट्रात त्या दोन्ही पुष्कळ झाल्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांचाच मुख्यतः विचार करावयाचा आहे. कारण मताधिकाराचा अभाव जेथे अत्यंत स्पष्ट होता, ते स्थळ तेच होते.

प्रथम सभागृहाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. १८९२ च्या कायद्याने व्हाइसरॉयच्या कौन्सिलातील जादा सभासदांची कमाल संख्या सोळा झाली. त्यांपैकी बिनसरकारी सभासद दहाच्या आसपास असत. चार प्रांतांच्या कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांनी प्रत्येकी एक नाव सुचवावयाचे, एक नाव कलकत्त्याच्या व्यापारी मंडळाने सुचवावयाचे, आणि बाकीचे सरकारने नेमावयाचे, अशी ती व्यवस्था होती. निवडणूक हा शब्द कायद्याने कटाक्षाने टाळला होता. मुंबई इलाख्याच्या वतीने बोलणाऱ्या सभासदाचे मतदार हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच असत. विधेयकांवर मत देता येई. पण वार्षिक अंदाजपत्रक ही मताची बाब नव्हती. जमाखर्चाचे निवेदन अगोदर प्रसिद्ध व्हावे, काही दिवसांनी कौन्सिल भरावे, सभासदांनी आपापली भाषणे करावीत, अर्थमंत्र्यांनी उत्तर द्यावे आणि शेवटी अध्यक्षस्थानी बसलेल्या व्हाइसरॉयसाहेबांनी समारोप करावा, असा तो वार्षिक विधी होता. ठराव मांडता येत नसे, एका पैची काटछाट सुचवून तीवर मत घेता येत नसे, आणि प्रश्न विचारला तर उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. वर्षातून एकदा, एका दिवशी, एक भाषण. सभासदाचा एवढाच अधिकार.

सर फिरोजशहा मेहता यांनी ती जागा सोडल्यावर १९०१ च्या अखेरीस गोखल्यांची तेथे निवड झाली. त्या वेळी ते पस्तीस वर्षांचे होते. कोतळूकसारख्या कोकणातील खेड्यात ९ मे १८६६ रोजी झालेला जन्म, कागल व कोल्हापूर येथील शिक्षण, १८८४ ची पदवी आणि मग न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेज येथील अध्यापन, हा क्रम आमच्या वाचकांस परिचित आहे. त्यातील दोनच गोष्टी येथे आपल्या कामाच्या आहेत. पहिली अशी की, हा गृहस्थ अंकगणिताचा शिक्षक होता, व त्याने लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चालत असे. दुसरी अशी की, न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना सरकारी अहवाल वाचावयाचे कसे, ह्याचे कडक शिक्षण त्यास मिळाले होते. ह्या शिक्षणात रानड्यांच्या बरोबरीने आणखी एका व्यक्तीचा वाटा आहे, आणि तिची आठवण क्वचितच केली जाते. गणेश व्यंकटेश जोशी हे सोलापूरचे. शिक्षण खात्यात नोकरी करीत हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा त्यांनी जो अभ्यास केला, त्यास तोड नव्हती. गोखल्यांच्या अंदाजपत्रकी भाषणांची पूर्वतयारी म्हणजे पुष्कळ अंशी जोशांशी झालेला पत्रव्यवहार होय. कागदपत्र सोलापुरास जात आणि टिपणे परत येत. कलकत्त्यास व्हाइसरॉयसमोर एकटा उभा राहिलेला वक्ता हे चित्र म्हणून अपुरे आहे. त्या वक्त्याच्या पाठीमागे वीस वर्षांची एक अभ्यासपरंपरा उभी होती.

परंतु ह्या शिस्तीचे एक मूळ अधिक वैयक्तिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्याकरिता डेक्कन सभेच्या वतीने गोखले विलायतेस गेले. साक्ष उत्तम झाली. उलटतपासणीतही हा तरुण प्राध्यापक डगमगला नाही. पण त्याच मुक्कामात पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी एक निवेदन केले. प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केले, असे ते निवेदन होते, आणि ते मँचेस्टरच्या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. मुंबई सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर चौकशी करता पुरावा हाती लागेना. पत्रे लिहिणारे पुढे येण्यास तयार नव्हते, आणि त्यांची नावे सांगण्यास गोखले तयार नव्हते. तेव्हा त्यांनी गव्हर्नरांची, प्लेग कमिटीची व सैनिकांची बिनशर्त जाहीर माफी मागितली. हे घडले तो प्रसंग पाहा. रँडसाहेबांवर जूनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. जुलैच्या अखेरीस टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले होते. एक पुढारी तुरुंगात जात असता दुसरा माफी मागत होता. पुणेकरांनी हा विरोध कधी विसरला नाही, आणि त्यांस दोष देण्याचेही कारण नाही.

ह्या माफीची चर्चा आजवर बहुधा धैर्य की भ्याडपणा ह्याच प्रश्नाभोवती फिरत आली आहे. इतिहासाच्या दृष्टीने तिचा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. जे आपण ऐकले ते खरे असले, तरी सिद्ध करता येत नसेल तर ते प्रतिपक्षाच्या हातातील शस्त्र बनते, हा धडा गोखल्यांनी फार मोठी किंमत देऊन घेतला. १९०२ नंतरची त्यांची भाषणे वाचताना एक वैशिष्ट्य सतत जाणवते. त्यांत ऐकीव गोष्ट जवळजवळ नाहीच. दुष्काळात मी अमुक पाहिले, तमुक गावी रयत असे म्हणाली, अशी वर्णने त्यांस सहज करता आली असती. पण ती ते टाळतात. आकडा यावयाचा तो सरकारच्या पुस्तकातून आणि मत यावयाचे ते एखाद्या माजी अर्थमंत्र्याच्या तोंडचे. प्रतिपक्षास नाकारता येणार नाही असाच पुरावा वापरावयाचा, हा दंडक त्यांनी स्वतःवर घालून घेतला होता. ह्याचा १८९७ च्या माफीशी संबंध आहे असे कागदोपत्री सिद्ध करता येणार नाही. पण हा दंडक ज्या कसोशीने पाळलेला दिसतो, तीत पोळलेल्या माणसाची सावधगिरी आहे, असे म्हणावेसे वाटते.

आता २६ मार्च १९०२ च्या भाषणाकडे वळू. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांच्या अंदाजपत्रकात सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती. लागोपाठ चौथ्या वर्षी खजिन्यात शिल्लक पडत होती, आणि तीही १८९६-९७ व १८९९-१९०० अशा दोन भयंकर दुष्काळांच्या काळात. सरकारी पक्षाचा युक्तिवाद सरळ होता. एवढी संकटे येऊनही खजिना भरलेला आहे, त्या अर्थी देशाची प्रकृती ठणठणीत आहे. बिनसरकारी सभासदांनी अभिनंदन करावे आणि आपापल्या प्रांतासाठी दोन मागण्या कराव्यात, असा रिवाज होता. गोखल्यांनी पहिल्याच वाक्यात ह्या अभिनंदनात सामील होण्यास नकार दिला. अशी शिल्लक हेच मुळी प्रजेवरील अन्यायाचे गमक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ह्या प्रतिपादनाचा कणा हुंडणावळीचा प्रश्न हा होय. तो थोडा विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण अलीकडच्या विद्यार्थ्यांस तो अपरिचित असतो. हिंदुस्थान सरकारला विलायतेत दरवर्षी फार मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. कर्जावरील व्याज, पेन्शने, सैन्याचा खर्च, स्टेट सेक्रेटरीच्या कचेरीचा खर्च, ह्या सर्वांस मिळून होम चार्जेस असे नाव होते. कर मात्र रुपयांत वसूल होई. चांदी उतरत चालल्यामुळे रुपयाची किंमत १८९४-९५ पर्यंत सुमारे तेरा पेन्सांवर आली. म्हणजे एक पौंड भरण्यास सुमारे साडेअठरा रुपये पडू लागले. ही तूट भरून काढण्यासाठी म्हणून १८८६ मध्ये प्राप्तीवरील कर बसला, जानेवारी १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला, राकेलावर जकात बसली, आणि १८९४ मध्ये आयात मालावरील जकात पुन्हा सुरू झाली. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी चांदीला बंद केल्यामुळे रुपया हळूहळू वर चढला व सोळा पेन्सांवर स्थिर झाला. आता एका पौंडास पंधराच रुपये पुरू लागले. ह्या एका फरकाने होम चार्जेसमध्ये वर्षाकाठी चारपाच कोटी रुपये वाचत होते, असा गोखल्यांचा हिशेब होता.

मग प्रश्न असा की, ज्या तुटीसाठी कर वाढविले ती तूट नाहीशी झाल्यावर कर का राहावेत? शिल्लक पडते आहे ती देश संपन्न झाला म्हणून नव्हे. टंचाईच्या काळी चढविलेले कर सुबत्तेच्या काळीही तसेच ठेवले, म्हणून ती पडते आहे. इतकेच नव्हे, तर रुपया कृत्रिमपणे महाग झाल्यामुळे तोच कर रयतेला पूर्वीपेक्षा जड झाला आहे, आणि तिच्या घरातील चांदीच्या डागांची किंमत उतरली आहे. अंकगणिताच्या मास्तराने वर्गात फळ्यावर उदाहरण सोडवावे तशी ही मांडणी आहे. हिच्यातील प्रत्येक आकडा अर्थखात्याचाच होता. फक्त त्या आकड्यांची बेरीज खात्याने केली नव्हती.

ह्या युक्तिवादाचा टोकदार भाग मिठासंबंधी होता. मिठाच्या करावर गोखले १८९० च्या कलकत्ता काँग्रेसमध्येही बोलले होते, म्हणजे हा विषय त्यांचा जुना होता. ब्रह्मदेश वगळता इतरत्र दर मणाला अडीच रुपये म्हणजे चाळीस शेरांना चाळीस आणे, अर्थात शेराला एक आणा. माणशी वर्षाला पाच शेर मीठ धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबास पंचवीस आणे केवळ कर म्हणून द्यावे लागत. ज्यास रोजची मजुरी मिळेलच अशी खात्री नाही अशा मजुराला आणि ज्यास हजारांनी वेतन आहे अशा अंमलदाराला हा कर जवळजवळ सारखाच. गोखल्यांनी ह्यात नीतीचा मुद्दा आणला नाही असे नाही. पण जोर दिला तो दुसऱ्याच गोष्टीवर. कर वाढल्यापासून मिठाचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढलेला नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले. कर कमी करा, खप वाढेल, आणि उत्पन्नातील खोट बऱ्याच अंशी भरून येईल, असे त्यांचे म्हणणे होते. खजिन्याच्या रक्षकाशी खजिन्याच्या भाषेत बोलण्याची ही रीत होती.

पुढे जे घडले त्याचा क्रम असा आहे. १९०३ च्या अंदाजपत्रकात मिठाचा कर मणामागे दोन रुपयांवर आला, आणि प्राप्तीवरील करातून सूट मिळण्याची मर्यादा पाचशे रुपयांवरून हजारावर गेली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया झाला. १९०७ मध्ये तो एक रुपया झाला. पाच वर्षांत शेरामागचा आणा दोन पंचमांश आण्यावर आला; आपल्या उदाहरणातील कुटुंबाचे पंचवीस आणे दहा आण्यांवर आले. खपही वाढला, आणि तो वाढल्याचे गोखले पुढच्या प्रत्येक भाषणात सरकारच्या निदर्शनास आणीत राहिले. हे श्रेय भाषणांचे काय?

येथे सावधपणे लिहिले पाहिजे. लॉर्ड कर्झन यांच्यासारख्या व्हाइसरॉयने एका प्राध्यापकाचे भाषण ऐकून कर कमी केला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कर्झनसाहेबांस आपली कारकीर्द संपन्नतेची म्हणून नोंदली जावी अशी तीव्र इच्छा होती. दरडोई उत्पन्न सत्तावीस रुपयांवरून तीस रुपयांवर गेले, असा दावा त्यांनी १९०१ मध्ये ह्याच कौन्सिलात केला होता. खजिन्यात पैसा साठत होता, आणि तो कोठे तरी सोडणे भागच होते. भाषण झाले नसते तरी काही सूट मिळाली असती. परंतु ती कोणास मिळाली असती, हा खरा प्रश्न आहे. साठलेल्या पैशाला वाटेकरी पुष्कळ होते. रेल्वेचा विस्तार होता, सैन्य होते, गोऱ्या नोकरवर्गाचे भत्ते होते. शिल्लक हा यशाचा पुरावा नसून ते करदात्याचे परत करावयाचे देणे आहे, ही कल्पना चर्चेत गोखल्यांनी रुजविली, आणि त्या देण्याच्या यादीत मीठ सर्वांत वर ठेवले. निर्णय सरकारने घेतला हे खरे. पण निर्णय ज्या प्रश्नावर घ्यावयाचा तो प्रश्न मत नसलेल्या सभासदाने मांडून दिला होता. एवढेच विधान पुराव्याने पेलते, आणि ते लहान नाही.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. १९०२ च्या भाषणात आणि पुढे जवळजवळ दरवर्षी गोखल्यांनी आणखी दोन गोष्टींचा पाठपुरावा केला. देशी कापडावरील साडेतीन टक्क्यांचा कर उठवावा, ही पहिली. सैन्याचा खर्च आवरावा, ही दुसरी. त्यांचा पुरावा मिठाइतकाच भक्कम होता, मांडणी तितकीच निर्दोष होती, आणि फळ मात्र शून्य. १८९६ मध्ये बसलेला कापडावरील तो कर गोखल्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९२५ च्या अखेरीस तहकूब झाला व पुढच्या वर्षी गेला. सैन्याचा खर्च किचनेरसाहेबांच्या अमदानीत उलट वाढला. कारण उघड आहे. मिठाच्या कराच्या पाठीशी खजिन्याखेरीज कोणाचा हितसंबंध नव्हता. कापडाच्या कराच्या पाठीशी लँकेशायर उभे होते आणि सैन्याच्या खर्चापाठी साम्राज्याचे संरक्षण. बिनमताच्या सभागृहात युक्तिवादाचा जोर जेथवर पोचला, तेथवर समोर केवळ हिशेब होता. हिशेबाच्या मागे हितसंबंध आला की युक्तिवाद तेथेच थांबला. गोखल्यांच्या पद्धतीची ही मर्यादा त्यांच्या विरोधकांनी त्याच काळात ओळखली होती, हे मान्य केले पाहिजे. टिळक स्वतः १८९५ पासून १८९७ पर्यंत मुंबईच्या कौन्सिलात बसले होते. तेथील भाषणांची किंमत ते ऐकीव माहितीवरून ठरवीत नव्हते.

आणखी एक न्यून सांगावयाचे, तर ही सर्व भाषणे इंग्रजीत झाली, ज्यांच्या मिठासाठी ती झाली त्यांच्यापर्यंत ती कधीच थेट पोचली नाहीत. मराठी वृत्तपत्रांतील सारांश हाच काय तो दुवा. गोखल्यांना श्रोता हवा होता तो समोर बसलेला अर्थमंत्री. रयत त्यांच्या भाषणाचा विषय होती. ती श्रोता नव्हती. हा दोष त्या सभागृहाचा की त्यांच्या स्वभावाचा, हे ठरविणे कठीण आहे.

भाषण आणि विधेयक ह्यांतील फरक गोखल्यांस चांगला ठाऊक होता, हे १९०४ च्या विश्वविद्यालयांच्या कायद्यावरून दिसते. तेथे मत देता येत होते. त्यांनी सिलेक्ट कमिटीत भांडून पाहिले, कौन्सिलात एकामागून एक दुरुस्त्या मांडल्या, आणि सरकारी बहुमताने त्या पाडल्या. त्यापूर्वी ऑगस्ट १९०१ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात जमीनमहसुलाच्या विधेयकावर मेहतांबरोबर सभात्याग करूनही पाहिला होता. म्हणजे वादविवाद हा एकच मार्ग त्यांस माहीत होता, असे नव्हे. इतर मार्ग अजमावून ते पुनःपुन्हा अंदाजपत्रकाकडे येत, कारण तेथे निदान पराभवाची नोंद होत नसे.

१९०९ च्या सुधारणांनी चित्र काहीसे पालटले. जादा सभासदांची मर्यादा साठावर गेली, ठराव मांडण्याचा व उपप्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. मध्यवर्ती कौन्सिलात सरकारी बहुमत मात्र कायम राहिले. ह्या नव्या हत्याराचा पहिला मोठा उपयोग गोखल्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी केला. नाताळ वसाहतीस गिरमिटाने मजूर पाठविणे बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा, असा त्यांचा ठराव सरकारने स्वीकारला, आणि १ जुलै १९११ पासून ती रवानगी थांबली. दोन वर्षांनी, ४ मार्च १९१२ रोजी, गिरमिटाची पद्धतच सर्वत्र बंद करावी असा ठराव त्यांनी आणला. त्यात मळेवाल्यांचे हितसंबंध आले, आणि ठराव पडला. मिठाच्या व कापडाच्या बाबतीत दिसलेली सीमारेषा येथेही जशीच्या तशी दिसते. पण येथे एक भर घातली पाहिजे. तोच विषय मालवीयांनी १९१६ मध्ये पुन्हा आणला तेव्हा लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारने तो मान्य केला. १९१२ मध्ये हरलेला युक्तिवाद चार वर्षांत सरकारी धोरण बनला होता. गोखले तो पाहण्यास नव्हते.

सर्वांत मोठा पराभव प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाचा. १६ मार्च १९११ रोजी मांडलेले हे विधेयक आज वाचले, तर त्याच्या माफकपणाचेच आश्चर्य वाटते. सक्ती कोणावर, तर ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे आपण होऊन मागतील त्यांच्या हद्दीत. तीही शाळेत जाण्याजोग्या वयाच्या मुलांपैकी ठरावीक प्रमाणात मुले तेथे आधीच शाळेत जात असतील तर. आणि तीही सरकारची पूर्वसंमती घेऊन. वय सहा ते दहा. प्रथम मुलगे, मुली पुढे. महिना दहा रुपयांच्या आत प्राप्ती असलेल्या पालकास फी माफ. खर्चाचा तिसरा हिस्सा स्थानिक संस्थेचा, दोन हिस्से सरकारचे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्येच संस्थानभर सक्ती लागू केली होती, तेव्हा ही गोष्ट हिंदुस्थानात अशक्य आहे, हा आक्षेप टिकत नव्हता. मार्च १९१२ मध्ये विधेयक सिलेक्ट कमिटीकडे पाठविण्याचा प्रस्ताव तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळला गेला. जीना व मालवीय ह्यांच्यासारखे सभासद बाजूस होते. परंतु विरुद्ध पडलेली सर्वच मते गोऱ्या अंमलदारांची नव्हती, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांतून बहुधा गाळली जाते. मजुराचा मुलगा शाळेत गेला तर शेतावर कोण राबणार, हा प्रश्न केवळ साहेबांस पडलेला नव्हता.

विधेयक पडणार हे गोखल्यांस अगोदरच माहीत होते, आणि त्यांनी ते सभागृहात बोलूनही दाखविले. मग त्या दोन दिवसांच्या चर्चेसाठी त्यांनी एवढे श्रम का घेतले? प्रांतिक सरकारांचे प्रत्येक आक्षेपपत्र घेऊन त्यास मुद्देसूद उत्तर का दिले? ह्याचे उत्तर त्यांच्या दहा वर्षांच्या अंदाजपत्रकी सवयीत आहे. मत मिळणार नाही हे गृहीत धरून बोलण्याचा त्यांचा सराव झाला होता. पुढच्या वेळी ज्यास हा विषय मांडावयाचा असेल त्यास आक्षेप आणि उत्तरे छापील स्वरूपात तयार मिळावीत, असा त्यामागे हेतू दिसतो. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबई इलाख्याच्या नगरपालिकांपुरता तसा कायदा करून घेतला. देशभरचा हक्क म्हणून ही गोष्ट घटनेत येण्यास २००२ साल उजाडावे लागले, आणि अंमल सुरू होण्यास १ एप्रिल २०१०.

कौन्सिलातील गोखल्यांच्या वर्तनावर टीका करावयाची तर तिला जागा आहे. १९०७ च्या सभाबंदीच्या कायद्यास त्यांनी विरोध केला. पण १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यास तसा सर्वस्वी विरोध केला नाही, आणि ह्याबद्दल त्यांच्या मित्रांनाही वाईट वाटले. सरकारला समजावून सांगता येते, ह्या श्रद्धेचा हा तोटा होता. ज्याच्याशी दरवर्षी वाद घालावयाचा त्याच्याशी संबंध तोडता येत नाही, आणि संबंध राखावयाचे तर कधी कधी जेथे बोलले पाहिजे तेथे आवाज उतरतो.

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वारले, तेव्हा मिठाचा कर एक रुपयावर होता. पुढच्याच वर्षी युद्धखर्चासाठी तो सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये अर्थखात्याने तुटीचे अंदाजपत्रक मांडून तो एकदम दुप्पट करण्याचे ठरविले, म्हणजे १८८८ चा तोच अडीच रुपयांचा दर पुन्हा आणला. आता सभागृह निराळे होते. लोकनियुक्त बहुमत होते, कराच्या प्रस्तावावर मत देण्याचा अधिकार होता, आणि असेंब्लीने त्या अधिकाराचा उपयोग करून वाढ नाकारली. लॉर्ड रीडिंग यांनी व्हाइसरॉयच्या खास अधिकारात ती मंजूर केली. दर वर्षभरातच पुन्हा सव्वा रुपयावर उतरला, हे खरे. तरीही ज्या सभागृहाला मत नव्हते त्याच्या काळात कर तीनदा उतरला, आणि मत असलेल्या सभागृहाचे मत धाब्यावर बसवून तो चढला, ही घटना दृष्टीआड करता येत नाही. अर्थात १९०३ साली खजिना तुडुंब होता आणि १९२३ साली रिकामा, हे विसरून तुलना करणे न्याय्य होणार नाही. त्यानंतर सात वर्षांनी, १९३० च्या एप्रिल महिन्यात, गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानणाऱ्या एका गृहस्थाने दांडीच्या किनाऱ्यावरून चिमूटभर मीठ उचलले. त्या वेळी मिठावर मणामागे सव्वा रुपया कर होता.